सांतानच्या घराचा ताबा

तारकर्ली,
१२ जानेवारी २०२५

भक्तीताई,

फोनवर मी भलतीकडेच जातो म्हणून तू कागदावर लिहायला सांगितलंस. कागदावरही जाईनच, पण तुला निदान मागे येऊन परत वाचता येईल. शिवाय माझा फोन परवा बोटीवरून खाडीत पडला. सुकवलाय तांदळात ठेवून. चालू होतो, पण आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो.

घर बघितलं. देवबागच्या रस्त्याला डाव्या हाताला, खाडीच्या अंगाला. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे बसायला सिमेंटचे दोन सोपे आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, पांढरा खुरीस, ख्रिश्चनांचा क्रूस. मालक सांतान. जहाजावर कुक होता, आता गुडघ्यांनी बसवलाय. मुलगा रॉकी म्हापशाला गॅरेज काढतोय. घर विकून पैसे त्याला द्यायचे आणि आपणही तिकडे राहायला जायचं, असा त्याचा बेत. तू सांगितलेलं एकेक विचारलं. कर्ज नाही म्हणाला. रिक्षा थेट खळ्यात येते. विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. मालक एकटाच का, हेही विचारलं. तर म्हणाला, "घर माजा, जमीन माजी. पप्पानंतर माज्याच नावार. खोटा वाटता तर तलाठ्याक इचार." मला काही खोटं वाटलं नाही.

मग त्याने वादळात तीनशे अंडी कशी उकडली ते सांगितलं. म्हणजे पातेलं दोराने बांधायचं आणि आपण पातेल्याला धरायचं. खरंच असं करतात का ते बोटीवर एकदा बघणार आहे. मधेच मागच्या दारातून एक म्हातारी बाई ताट घेऊन आली. "कोणाचो रे तू?" मी आपल्या बाबांचं नाव सांगितलं. "तो खलाशी? मगे जेव." बांगडा असा होता ताई, की मी घराचं छप्पर आतून बघायचं विसरलो. उद्या परत जाईन.

लवू


भोसरी,
२० जानेवारी

लवू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार ओळी घराच्या, बाकी बांगडा.

नीट ऐक. बँक घर तारण घेते म्हणजे कर्ज फिटेपर्यंत घराचे मूळ कागद त्यांच्याकडे. म्हणून मालकी चोख आहे का ते बघायला त्यांचे वकील आहेत. पण त्यांच्यापेक्षा मला जास्त बघायला हवं, कारण उद्या कोणी दावा लावला तर घर अडकेल आणि हप्ता मात्र दर महिन्याला जाईल. बँक म्हणत नाही की तुमचं कोर्टात चाललंय, तर थांबतो.

तू एवढं कर. सातबारा आण आणि त्यावर सांतानचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं तो फेरफारही आण. बिनशेतीचा आदेश, बांधकामाची परवानगी, घरपट्टीची पावती. सगळं मालवणच्या वकिलांकडे दे, ते तीस वर्षांचा शोध घेऊन बँकेला अहवाल देतील. छप्पर आतून बघ. आणि घरात कोण कोण राहतं ते विचार, हेही लागतं.

मी बयाणा पाठवून बसलेय. आधी शोध, मग पैसे, असं करायचं असतं हे मला आता कळतंय. पण कोल्हापूरचं कोणीतरी घर बघून गेलं असं सांतान म्हणाला आणि मला धीर धरवला नाही. कर्जाची मंजुरी मार्चअखेरपर्यंत आहे.

आई इथे खोलीच्या खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगचे पाइप बघते. बाबा बोटीवर असताना आपण किती भाड्याच्या घरांतून उठलो ते तुला आठवणार नाही, तू लहान होतास. मला आठवतं. प्रत्येक वेळी तुळस कुंडीसकट मी धरायचे. आता माझ्या नावाचं घर घेऊन मी आईला तिथे ठेवणार आहे. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देईन, त्यातून हप्ता निघेल. मागची खोली पाडून दोन बाथरूम काढायची.

तोपर्यंत कुठे जाऊ नकोस. एवढंच मागते.

ताई


तारकर्ली,
९ फेब्रुवारी

ताई,

कुठे गेलो नाही. उलट सांतानच्या सोप्यावरच पिशवी टाकलीय, त्यामुळे घर दिवसरात्र बघतोय. छपराचे दोन वासे बदलावे लागतील. मांजरं चार.

कागद दिले. मालवणचे वकील एकदम खूश. तीस वर्षांत काही गहाण नाही, बोजा नाही. सांतानच्या बापानंतर वारस म्हणून एकट्या सांतानचं नाव लागलं, फेरफार मंजूर. अहवाल बँकेला गेला. म्हणजे तुझं झालंच म्हण.

घरात कोण राहतं विचारलं होतंस. सांतान, मी आणि ती बांगडेवाली, एस्पेरांसाबाय. तिची एक मजाच आहे. एकोणिसाव्या वर्षी गोव्यात मठात गेली, नन व्हायला. गावाने बँड लावून रिक्षात बसवली होती. पाच-सहा वर्षं राहिली आणि शेवटची शपथ घ्यायच्या आधी एक दिवस परत आली, एकटी, एसटीने. का, ते कोणालाच ठाऊक नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुका दहावी कित्याक सुटली ता सांग, मगे सांगतंय." मठातून परत आली तेव्हापासून मागच्या खोलीत असते. सकाळी चर्चला, दुपारी सांतानला ओरडणं, संध्याकाळी मांजरांना ओरडणं. सांतान तिला काही बोलत नाही, ती मात्र त्याला "दादा, दादा" करून सोलून काढते. पण सकाळचं पहिलं तापलेलं पाणी त्याच्या गुडघ्यांना.

घर विकलं तर तुम्ही कुठे जाणार म्हणून विचारलं. "माजी खाट हंयच रवतली. दादान सांगल्यान हा." बरी आहे बाई. आईला सोबत होईल.

लवू


भोसरी,
१७ फेब्रुवारी

लवू,

तू लिहितोस ते स्वतः वाचतोस का? तुझं पत्र घेऊन मी इथल्या वकील सारिका मॅडमकडे धावले.

एस्पेरांसा सांतानची सख्खी बहीण आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला असेल तर ख्रिश्चन कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच. मठात गेल्याने हक्क जात नाही आणि ही तर शपथ न घेताच परत आली. बापाच्या मृत्यूनंतर "मुलगी देवाला दिली, वारस एकच" असं कोणीतरी तलाठ्याला सांगितलं असणार आणि त्याने तसंच लिहिलं. तिकडे सगळेच असं धरून चालतात म्हणे, नावं अशीच सुटतात. मालवणच्या वकिलांचा दोष नाही, जे नाव कागदावर लागलंच नाही ते शोधात कुठून दिसणार. पण फेरफाराने कोणी मालक होत नाही. अर्धं घर तिचं आहे. सांतानने मला फोनवर सांगितलं होतं, "भयण मठात गेली." परत आली हे गाळलं.

आता दोन वाटा. एक, तिनेही विकणारी म्हणून खरेदीखतावर सही करायची आणि अर्धे पैसे घ्यायचे. सांतान हे ऐकणार नाही, मी बोलले त्याच्याशी. दुसरी, तिने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं. त्याचा मसुदा सोबत पाठवलाय. तू तिला वाचून दाखव, सही करायला तयार कर, मग रजिस्ट्रारकडे नेऊ. ती भावासाठी करेल, तू लिहिलंयस त्यावरून मला तसंच वाटतं.

मागच्या खोलीचं आता काही बोलू नकोस. ते नंतर बघू.

ताई


रेडी,
६ मार्च

ताई,

पत्ता बघून समजलंच असेल. रेडीच्या बंदरात एका ठेकेदाराकडे ताडपत्र्या ओढायचं काम आहे. खनिजाच्या धुळीने सगळं लाल. नाक शिंकरलं तरी लाल. इथल्या गडावरून जहाजं बघत बसतो. अंड्यांचं एका कुकला विचारलं, तो हसला फक्त.

फोन बंद ठेवलाय. तू करशील म्हणून.

कागद मी वाचला तिला. तिच्याच खोलीत, खाटेवर बसून. "मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, सदर मिळकतीतील माझा हक्क व हिस्सा कायमचा सोडून देत आहे." ती म्हणाली, परत वाच. परत वाचला. म्हणाली, "राजीखुशीन? इचारल्यान कोणी माका?" मग अगदी साधेपणाने, जेवणाचं विचारावं तसं, म्हणाली, "आनी मी निजतलंय खंय?"

मी सांगितलं, हंयच. ताईने सांगितलंय, ही खोली तुमचीच.

मी असं सांगितलं, ताई. तू बोलू नकोस म्हणालीस आणि मी त्याच्याही पुढे गेलो. तिने लगेच हात पुढे केला. "पेन दी." माझ्या खिशात पेन होतं. मी म्हटलं, पेन नाही, आणून देतो. पेन आणायला बाहेर पडलो तो वेंगुर्ल्याची गाडी उभी होती, बसलो.

पिशवी तिथेच आहे. कागदही तिच्या खाटेवर राहिला. तुझी मंजुरी संपत आलीय ते माहीत आहे मला. पण पेन मी देणार नाही. दुसरं कोणी देतं का बघ.

लवू


भोसरी,
१८ मार्च

लवू,

पत्र वाचून आधी तुला काय काय म्हणाले ते आईने ऐकलंय. मग रात्रीची गाडी धरली.

पेन घेऊनच गेले होते. सांतान सोप्यावर होता, म्हणाला, "ती करतली सई, काय प्रॉब्लेम नाय." मी मागे गेले. तिने मला बसवलं, चहा दिला आणि कागद समोर ठेवला. "तुजो भाव पळालो गो. पेनाक गेलो तो गेलोच." मला हसू आलं, आणि हसल्यावर खोटं बोलणं अवघड जातं. मी सांगून टाकलं. ही खोली मी पाडणार आहे. लवू बोलला ते खरं नव्हतं आणि त्याला गप्प बसायला मी सांगितलं होतं. अर्धं घर तुमचं आहे हेही सांगितलं.

ती म्हणाली, "म्हायत आसा माका."

सगळं ठाऊक होतं तिला, लवू. मठातच एका वकिलाच्या बहिणीने सांगितलं होतं. म्हणाली, "मी परत इलंय, पप्पान माजी खाट मागे घातल्यान. कोणी काय इचारूक नाय. माका ताच बरा वाटला. नाव लावूक गेलंय असतंय तर तलाठी इचारतलो, मठ कित्याक सोडलंस. गाव इचारतलो. मगे मी बी गप आनी ते बी गप." कित्येक वर्षं त्या गप्प बसण्याच्या बदल्यात तिने अर्धं घर दिलं. मी म्हटलं, मग आताही द्यायचंय का? भावाला?

तिने कागद घडी घालून मला परत दिला. "मी सोडूचंय नाय. इकतलंय. दादाक सांगा, मी तेच्या बाजूक बसान सई करतलंय. आदे पैशे माज्या नावार."

सांतानला मी तिच्यासमोरच सांगितलं. तो उठला आणि काठी न घेताच खाडीकडे गेला.

बँकेकडे महिनाभराची मुदत मागितलीय. तू परत जा. पळून जायचं असेल तर सही झाल्यावर जा.

ताई


तारकर्ली,
२९ मार्च

ताई,

आलो परत. एस्पेरांसाबायने काही विचारलं नाही, ताट वाढलं आणि ताटाशेजारी एक पेन ठेवलं. तेवढंच.

घरात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं ते माझ्याकडून. "तेका सांग, पाणी तापला." "तिका सांग, माका नको." तीन हातांवर बसलेली माणसं आणि मी मधे टपालवाला. पाणी मात्र रोज तापतं.

सांतान म्हणत होता, विकणारच नाही. मग मी तुझा निरोप दिला, की विकायचं नसेल तर बयाणा परत. बयाणा रॉकीच्या गॅरेजमधे गेलाय, ताई. लिफ्ट बसवली त्याने गाड्या उचलायची. हे सांगताना म्हातारा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "रॉकीन माका सांगलेला, पुरे पैशे इले काय वर तुमका खोली बांधतंय. आता आद्यात काय बांधतलो?"

दुसऱ्या दिवशी स्वतःच रिक्षा बोलावून तलाठ्याकडे गेला. बहीण मागच्या सीटवर, हा पुढे ड्रायव्हरशेजारी. तिचं नाव लावायचा अर्ज दिला. नोटिशीची मुदत संपली की नोंद मंजूर होईल. तलाठ्याने मठाचं काही विचारलं नाही. तिने तयारी केली होती, वाटेत ओठ हलत होते. त्याने फक्त आधार कार्ड मागितलं. बाहेर आल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसली.

लवू


भोसरी,
३० एप्रिल

लवू,

खरेदीखताच्या नोंदणीच्या दिवशी तू रजिस्ट्रारच्या फाटकाबाहेर बसून राहिलास, आत काय झालं ते सांगते. दोघांनी सह्या केल्या. तिने तीनदा नाव लिहून बघितलं हातावर, मग कागदावर. दोघांच्या नावांचे वेगळे डिमांड ड्राफ्ट. मूळ कागद बँकेच्या माणसाने तिथल्या तिथे पिशवीत घातले. माझ्या घराचे कागद माझ्या हातात मोजून दोन मिनिटं होते.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, खोली पाडत नाही. बाथरूम पुढे कुठेतरी काढेन. तुम्ही राहा, आईला सोबत होईल. मनापासून म्हटलं रे. ती हसली. "नाय गो बाय. दुसऱ्याच्या घरात मी खूप वर्सां रवलंय." तिने मालवणात चर्चजवळ दोन खोल्या भाड्याने बघून ठेवल्या होत्या, कोणाला न सांगता. खाट तू पोचवलीस ना टेम्पोने? मांजरांचं काय केलं?

आता नवीनच अडचण. खरेदीखतात लिहिलंय की विकणाऱ्यांनी आठ दिवसांत रिकामा ताबा द्यायचा. जिची सगळ्यांना काळजी होती ती दुसऱ्या दिवशी गेली. सांतान अजून सोप्यावर बसलाय. रॉकीला फोन केला, तो म्हणतो, "पप्पांक पावसानंतर नेतंय, आता जागा नाय." पाच तारखेला माझा पहिला हप्ता. पुढच्या खोल्यांत माणूस असेल तर मी पर्यटकांना काय देऊ? सारिका मॅडम म्हणाल्या, लेखी नोटीस द्या, फार दिवस बसू दिलं तर उद्या त्याचाच हक्क सांगतील. नोटीस सोबत आहे.

तूच वाचून दाखव. मला ठाऊक आहे मी काय सांगतेय.

ताई


तारकर्ली,
९ मे

ताई,

खाट पोचवली. दोन मांजरं तिच्याबरोबर गेली, दोन इथेच, त्यांनी आपसात ठरवलं असावं.

नोटीस वाचली. सांतानने चष्मा लावून ऐकली, म्हणजे ऐकायलाही चष्मा लावतो तो. "विकणार यांनी सदर मिळकत खाली करून शांततामय ताबा द्यावा." म्हणाला, "बरोबर आसा. सई माजीच." आणि बसून राहिला. मीही बसलो. या वेळीही गाडी उभी होती, पण सोप्यावरच बसलो. त्याने बॅग भरून ठेवली होती, सोप्याखाली. रॉकीची वाट बघत होता. रस्त्यावर म्हापशाच्या नंबरची गाडी दिसली की पाय खाली सोडायचा आणि गाडी पुढे गेली की परत वर घ्यायचा. दोन-चार दिवस हे चाललं. गुडघ्यांना पाणी मी तापवून दिलं, पण मला ते जमत नाही, एकदा गार, एकदा भाजलं. पुण्याच्या एका कुटुंबाने खोली विचारली तर म्हणाला, "मालक हंय नाय आसत." बरोबरच बोलला म्हणा.

काल संध्याकाळी एस्पेरांसाबाय आली. मी बोलावली नव्हती. रिक्षावाल्याने चर्चच्या दारात सांगितलं असेल, सांतान बॅग घेऊन बसलाय म्हणून. खळ्यात उतरली, मीटर चालू ठेवायला सांगितलं. सोप्यासमोर उभी राहिली. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलली.

"दादा, उठ."

"रॉकी येतलो."

"इलो काय मगे बघूया. उठ, मीटर पडता."

"खंय जावचा?"

"माज्याकडे. आनी खंय."

तो म्हणाला, "माका थंय रवाक जमाचा नाय, एस्पू. तुज्या घरात." तिने खाली वाकून बॅग उचलली आणि रिक्षात ठेवली. मग तो उठला. मी हात द्यायला गेलो, तर तिनेच दिला. जाताना खुरीसासमोर दोघं थांबले, त्याने टोपी काढली, ती पुटपुटली, तो नाही. रिक्षात या वेळी दोघं मागेच बसले. किल्ली त्याने माझ्या हातात दिली, ती गरम होती, मुठीत धरून ठेवली असावी. तुझ्यासाठी काही निरोप आहे का विचारलं, तर म्हणाला, "तिका सांग, वासो बदलूक इसरू नको. दोन आसत."

रात्री सगळ्या खोल्यांतून फिरलो, दिवे लावून. आवाज घुमतो. मागच्या खोलीत खाटेच्या पायांचे चार डाग आहेत जमिनीवर, बाकी काही नाही. मी सोप्यावरच झोपलो.

आईला घेऊन ये, लवकर. मी तू येईपर्यंत थांबतो, पुढचं विचारू नकोस.

वकिलांना सांग, ताबा मिळाला.

लवू